स्थिर वस्तुमानापर्यंत शुष्कन

भारात्मक विश्लेषणात (पदार्थातील घटकाचे प्रमाण वजनावरून ठरविण्याच्या पद्धतीत) विद्रावातून वेगळा काढलेला अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, ठराविक तापमानास तापविणे, थंड करणे व वजन करणे या क्रिया लागोपाठच्या दोन वजनांत लक्षात घेण्याजोगा फरक उरेनासा होईपर्यंत पुन:पुन्हा करणे, यास स्थिर वस्तुमानापर्यंत शुष्कन असे म्हणतात. कमी तापमानास (सामान्यतः १००° ते १५०° से.) केलेल्या क्रियेस शुष्कन व मुशीत तांबडेलाल होईपर्यंत किंवा त्याहून जास्त तापविण्यास भाजणे असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी दोहोंतील तत्त्व एकच आहे.

भारात्मक विश्लेषणातील सर्व गणित एका गृहीतावर उभे असते. ते म्हणजे तराजूत ठेवलेल्या पदार्थाचे रासायनिक सूत्र निश्चितपणे माहीत आहे. उदा., बेरियम सल्फेटात गंधकाचे प्रमाण १३.७४% असते. त्यामुळे ०.५००० ग्रॅ. बेरियम सल्फेट मिळाले म्हणजे मूळ नमुन्यात ६८.७ मिग्रॅ. गंधक होते, असे म्हणता येते. परंतु तराजू केवळ वस्तुमान सांगतो. त्यातील किती भाग बेरियम सल्फेटाचा, किती पाण्याचा व किती धुताना राहून गेलेल्या लवणांचा हे तो सांगत नाही. ही त्रुटी भरून काढण्यासाठी स्थिर वस्तुमानाची कसोटी वापरतात. मात्र या कसोटीने सिद्ध होते ते एवढेच की, त्या तापमानास व तेवढ्या वेळात पदार्थात आणखी बदल होत नाही. पदार्थ शुद्ध व कोरडा आहे, किंवा त्याचे सूत्र अपेक्षेप्रमाणे आहे, हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. प्रयोगपुस्तिकांतील ‘स्थिर वजन येईपर्यंत तापवावे’ या छोट्या वाक्यात हा भेद बहुधा झाकला जातो व नवशिक्या विश्लेषकाच्या बऱ्याच चुका तेथूनच सुरू होतात.

अवक्षेपातील पाणी : गाळून धुतलेल्या अवक्षेपात पाणी एकाच रूपात नसते. कणांच्या फटींत अडकलेले पाणी १००° से. च्या थोड्या वरच्या तापमानास सहज निघून जाते. कणांच्या पृष्ठभागावर अधिशोषित झालेला पाण्याचा पातळ थर अधिक चिवट असतो. अवक्षेप जितका बारीक तितके त्याचे एकूण पृष्ठफळ मोठे व तितके हे पाणी जास्त. स्फटिक वाढत असताना मूळ विद्रावाचे सूक्ष्म थेंब त्यांच्या पोटात कोंडले जातात. ते बाहेर पडण्यासाठी स्फटिक तडकावा लागतो आणि बेरियम सल्फेटासारख्या अवक्षेपातील असे पाणी साध्या शुष्कनाच्या तापमानास पूर्णपणे निघत नाही. चौथा प्रकार स्फटिकजलाचा. हे पाणी ठराविक प्रमाणात असते व संयुगाच्या सूत्राचाच भाग असते. फेरिक व ॲल्युमिनियम यांची सजल ऑक्साइडे आणि सिलिका यांचे अवक्षेप जेलीसारखे असतात. त्यांतील पाण्याला ठराविक प्रमाण नसते व तापमान वाढेल तसतसे ते थोडेथोडे जात राहते. अशा अवक्षेपांच्या बाबतीत कमी तापमानास स्थिर वस्तुमान मिळाल्याचा भास होतो, पण त्या वस्तुमानाला कोणतेच सूत्र लागू पडत नाही. म्हणून ते उच्च तापमानास भाजून निर्जल ऑक्साइडाच्या रूपात आणणे भाग पडते.

अवक्षेप धुण्यासाठी वापरलेल्या द्रवाचाही येथे संबंध येतो. सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्याने धुतल्यास त्याचे गुठळलेले कण पुन्हा कलिल अवस्थेत (अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत राहतात अशा अवस्थेत) जाऊन गाळणीतून निसटतात. ते टळावे म्हणून धुण्याच्या पाण्यात थोडे विद्युत् विच्छेद्य द्रव्य असावे लागते. हे द्रव्य शुष्कनात मागे न राहता पूर्णपणे उडून गेले पाहिजे. याच कारणाने येथे विरल नायट्रिक अम्ल व इतर काही अवक्षेपांकरिता अमोनियम लवणांचे विद्राव वापरतात.

तापमानाची निवड : योग्य तापमान म्हणजे शक्य तितके उच्च तापमान नव्हे. पाणी व उडून जाणारी द्रव्ये जातील, पण अवक्षेपाचे सूत्र बदलणार नाही, अशी तापमानाची एक पट्टी प्रत्येक अवक्षेपाला असते. काहींची पट्टी रुंद असते, काहींची अतिशय अरुंद. कॅल्शियम ऑक्झॅलेट हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

कॅल्शियमाच्या लवणाच्या उष्ण विद्रावातून अमोनियम ऑक्झॅलेटाने पाडलेल्या अवक्षेपाच्या प्रत्येक रेणूबरोबर स्फटिकजलाचा एक रेणू असतो. हा अवक्षेप तापवीत गेल्यास त्याचे वस्तुमान तीन पायऱ्यांनी उतरते. पहिल्या पायरीवर स्फटिकजल जाऊन निर्जल ऑक्झॅलेट उरते, दुसरीवर कार्बन मोनॉक्साइड जाऊन कार्बोनेट उरते आणि तिसरीवर कार्बन डाय-ऑक्साइड जाऊन चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड उरते. नमुन्यात ४०.१ मिग्रॅ. कॅल्शियम असेल, तर या चार रूपांची वस्तुमाने अनुक्रमे १४६.१, १२८.१, १००.१ व ५६.१ मिग्रॅ. भरतात. प्रत्येक पायरीवर पदार्थ ‘स्थिर वस्तुमान’ दाखवू शकतो. निर्जल ऑक्झॅलेटापाशी स्थिर झालेले वजन कोणी कार्बोनेटाचे समजून गणित केले, तर कॅल्शियमाचे उत्तर २८ टक्क्यांनी जास्त येईल व वजनांच्या नोंदीत त्या चुकीचा मागमूसही दिसणार नाही.

या चारांपैकी कोणते रूप निवडावे, हे केवळ सोयीवर अवलंबून नाही. सजल ऑक्झॅलेट १०० ते १०५° से. ला वाळवून वजन करता येते, पण त्यात अधिशोषित पाणी व अवक्षेपाबरोबर खाली आलेले अमोनियम ऑक्झॅलेट मागे राहत असल्याने उत्तर जास्त येण्याकडे कल असतो. निर्जल ऑक्झॅलेट आर्द्रताशोषक आहे. चुना तर हवेतील पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड ही दोन्ही ओढून घेतो. मुंबई-कोकणातील पावसाळी हवेत उघड्या मुशीतील चुन्याचे वजन स्थिर होण्याची वाट पाहणे व्यर्थ होय. उरते कार्बोनेट. ते हवेतील आर्द्रता घेत नाही, मात्र त्यासाठी भट्टीचे तापमान ४७५° ते ५२५° से. या पट्टीत राखावे लागते. या पट्टीचे कारण मनोरंजक आहे. कार्बोनेटाच्या विघटनाने निर्माण होणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब ५००° से. ला सु. ०.१ ते ०.१५ मिमी. (पाऱ्याच्या स्तंभाचा) एवढाच असतो, तर हवेत मुळातच असलेल्या या वायूचा आंशिक दाब सु. ०.३ मिमी. असतो. म्हणजे हवाच कार्बोनेटाचे विघटन थोपवून धरते. ५५०° से. च्या सुमारास पारडे फिरते, विघटनाचा दाब वरचढ होतो व वस्तुमान सावकाश घटू लागते. पट्टीच्या खालच्या बाजूस ऑक्झॅलेटाचे कार्बोनेटात रूपांतर अपुरे राहते.

इतर अवक्षेपांविषयी थोडक्यात सांगता येईल. निकेलाचा डायमिथिल ग्लायॉक्झिमाशी मिळणारा लाल अवक्षेप (निकेलाचे प्रमाण २०.३२%) ११०° ते १२०° से. ला वाळवितात. तो भाजता येत नाही, कारण जास्त तापमानास त्याचे संप्लवन व अपघटन होते. मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट या अवक्षेपात स्फटिकजलाचे सहा रेणू असतात. तो अल्कोहॉल व ईथर यांनी धुऊन सामान्य तापमानासच कोरडा करतात, नाहीतर १,०००° ते १,१००° से. ला भाजून त्याचे पायरोफॉस्फेट करतात. मधल्या तापमानांस पाणी व अमोनिया टप्प्याटप्प्याने जात असल्यामुळे तेथील वजनावर भरवसा ठेवता येत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइड सु. १,२००° से. ला भाजले तरच त्याची आर्द्रता शोषण्याची प्रवृत्ती जाते. त्याहून कमी तापमानास भाजलेले ऑक्साइड तराजूतच जड होत जाते. उलट फेरिक ऑक्साइड अति तापविल्यास, विशेषतः ज्योतीतील क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणारे) वायू मुशीत शिरल्यास, त्याचे चुंबकीय ऑक्साइडात रूपांतर होते व वस्तुमान ३.३४ टक्क्यांपर्यंत घटते. ते घटलेले वस्तुमानही ‘स्थिर’च असते.

गाळणकागदासह भाजलेल्या बेरियम सल्फेटात आणखी वेगळा घोटाळा होतो. कागदाच्या कोळशाने सल्फेटाच्या काही भागाचे सल्फाइड होते आणि वजन कमी भरते. नंतर खुल्या हवेत भाजत राहिल्यास सल्फाइडाचे पुन्हा सल्फेट होते व वजन हळूहळू वाढते. त्याच वेळी कोंडलेले पाणी जात असेल, तर वाढ व घट एकमेकींना झाकतात आणि दोन वजने योगायोगाने जुळू शकतात. म्हणून कागद ज्योत न धरता मंद उष्णतेने, भरपूर हवेत जाळतात. शंका आल्यास थंड झालेल्या अवक्षेपावर संहत सल्फ्यूरिक अम्लाचा एखादा थेंब टाकून, अम्ल उडून जाईपर्यंत जपून तापवून पुन्हा भाजतात. हा त्रास टाळण्यासाठी कागदाऐवजी छिद्रित तळाची मूस वापरण्याची पद्धत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ फ्रँक ऑस्टिन गूच यांनी १८७८ मध्ये सुचविली. तळाशी सच्छिद्र काचेची किंवा पोर्सलीनची चकती असलेल्या मुशी त्यानंतर प्रचारात आल्या.

कृती : रिकामी मूस प्रथम स्वतः स्थिर वस्तुमानास आणावी लागते आणि तीही अवक्षेपासाठी ठरविलेल्या तापमानासच. ही पायरी गाळल्यास मुशीचीच आर्द्रता अवक्षेपाच्या खाती जमा होते. अवक्षेप मुशीत घेऊन तापविल्यावर मूस थोडा वेळ हवेत निवू देऊन मग शुष्कपात्रात, म्हणजे प्रयोगशाळेत डेसिकेटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घट्ट झाकणाच्या काचपात्रात ठेवतात. लालभडक मूस लगेच आत ठेवल्यास आतील हवा प्रसरण पावून बाहेर जाते, थंड होताना आत अंशतः निर्वात निर्माण होतो आणि झाकण एकदम सरकविल्यास आत घुसणारी हवा बारीक अवक्षेप उडवून लावते. पोर्सलीनच्या मुशीला खोलीच्या तापमानास येण्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, प्लॅटिनमच्या मुशीस त्याहून कमी. प्रत्येक वेळी थंड होण्यास सारखाच वेळ देणे इष्ट असते. किंचितही गरम राहिलेल्या मुशीभोवती हवेचा ऊर्ध्वगामी प्रवाह निर्माण होतो व ती खऱ्यापेक्षा हलकी भरते.

शुष्कपात्राचे नाव फसवे आहे. त्याचे काम पदार्थ वाळविण्याचे नसून वाळविलेला पदार्थ थंड होईपर्यंत तसाच राखण्याचे आहे. तळाशी ठेवलेले कॅल्शियम क्लोराइड किंवा सिलिका जेल ही द्रव्ये हवा पूर्णपणे कोरडी करू शकत नाहीत. मॅग्नेशियम परक्लोरेट व फॉस्फरस पेंटॉक्साइड ती कितीतरी अधिक कोरडी करतात. अपुरे भाजलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड कॅल्शियम क्लोराइडाच्या सान्निध्यातही वजनाने वाढते, कारण पाणी ओढण्यात ते कॅल्शियम क्लोराइडापेक्षा वरचढ ठरते. अशा वेळी दरखेपेस सारखीच आर्द्रता शोषली जाऊन वजने नेमकी जुळतात व विश्लेषक निर्धास्त होतो.

सर्वसाधारण कामात लागोपाठच्या वजनांतील फरक ०.२ ते ०.३ मिग्रॅ. हून जास्त नसावा अशी अपेक्षा असते. औषधी पदार्थांच्या परीक्षणासाठी युरोपीय औषधकोशाने ही मर्यादा ०.५ मिग्रॅ. ठरविली आहे. अर्थात मर्यादेचा अर्थ अवक्षेप किती आहे त्यावरून लावावयाचा असतो. ०.५ ग्रॅ. अवक्षेपात ०.३ मिग्रॅ. म्हणजे ०.०६%, तर ०.०५ ग्रॅ. अवक्षेपात तेच ०.६% होतात. तितकेच महत्त्व दोन वजनांमधील तापविण्याच्या कालावधीला आहे. एखादा अवक्षेप तासाला ०.६ मिग्रॅ. या गतीने पाणी गमावीत असेल, तर दहा मिनिटांच्या तापविण्यात त्याचे वजन केवळ ०.१ मिग्रॅ. ने घटेल व तो कसोटीस उतरल्यासारखा दिसेल. वस्तुतः येथे मोजली जाते ती बदलाची गती. शुष्कनाचा शेवट त्यातून केवळ अनुमानाने कळतो. म्हणून दुसऱ्या खेपेचे तापविणे किमान अर्धा ते एक तासाचे असावे लागते.

इतिहास : स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ टोर्बेर्न बेरिमान (१७३५–८४) यांनी धातू मूलरूपात वेगळी न काढता तिच्या ज्ञात संघटनाच्या अवक्षेपाचे वजन करण्याची पद्धत रूढ केली. बर्लिन येथील मार्टिन हाइन्रिख क्लापरोट (१७४३–१८१७) यांनी अवक्षेप स्थिर वजनापर्यंत तापविण्याचा शिरस्ता घातला. त्याचबरोबर विश्लेषणाची बेरीज १०० होत नसल्यास ती ओढूनताणून जुळवून न घेता, आली तशीच प्रसिद्ध करण्याचा प्रामाणिकपणाही त्यांनी दाखविला. या दोन सवयींचा परस्परसंबंध आहे. वजनांत पाण्याचा अनिश्चित वाटा असेल, तर बेरजेतील तुटीला काहीच अर्थ उरत नाही. वजने भरवशाची असतील, तर तूट ही अज्ञात घटकाची खूण ठरते. ल्यूसाइट या ज्वालामुखीजन्य खनिजात पोटॅश असल्याचे क्लापरोट यांनी १७९७ मध्ये दाखविले. त्यापूर्वी पोटॅश हा वनस्पतींपासूनच मिळणारा क्षार समजला जात असे.

शुष्कनाच्या प्रश्नाला सर्वांत मोठे महत्त्व आले ते अणुभारांच्या निश्चितीत. शुद्ध चांदीच्या १०० भागांपासून सिल्व्हर क्लोराइडाचे १३२.८६७ भाग मिळतात व यावरून क्लोरिनाचा अणुभार ३५.४५३ येतो. सिल्व्हर क्लोराइड १३०° ते १५०° से. ला वाळवून स्थिर वस्तुमानास आणले, तरी त्यात सु. ०.०१% पर्यंत पाणी राहू शकते. नेहमीच्या विश्लेषणात त्याची दखल घेण्याचे कारण नाही. परंतु क्लोरिनाचे वस्तुमान वजाबाकीने काढले जात असल्यामुळे ही सगळी चूक त्याच्याच वाट्याला येते आणि अणुभार ३५.४६७ होतो. ०.०१ टक्क्याची चूक येथे चौपट होते. यावर उपाय म्हणजे सिल्व्हर क्लोराइड सु. ४५५° से. ला वितळविणे. स्फटिकाची घडणच मोडल्यामुळे कोंडलेले पाणी निघून जाते. हार्व्हर्ड विद्यापीठातील थीओडोर विल्यम रिचर्ड्‌स (१८६८–१९२८) यांनी वजन करावयाची लवणे वितळवून निर्जल करण्यावर कटाक्षाने भर दिला. त्यासाठी, वितळविलेले लवण दमट हवेचा स्पर्श न होऊ देता वजनाच्या बाटलीत सरकवून तेथेच बूच बसविता येईल, असे उपकरण त्यांनी तयार केले. बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ झां स्टास (१८१३–९१) यांनी दिलेले व जवळजवळ अंतिम मानले गेलेले काही अणुभार अशा काटेकोर कामामुळे दुरुस्त करावे लागले. रिचर्ड्‌स यांना १९१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी त्यांनी व माक्स लेम्बर्ट यांनी किरणोत्सर्गी खनिजांतून मिळविलेल्या शिशाचा अणुभार सामान्य शिशापेक्षा (सु. २०७.२) कमी, काही नमुन्यांत २०६.४ च्या सुमारास असल्याचे प्रसिद्ध केले. एकाच मूलद्रव्याचे अणू निरनिराळ्या वस्तुमानांचे असू शकतात, या समस्थानिकांच्या कल्पनेला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. फरक हजारात चार भागांचा होता. शुष्कनाविषयी संशयाला जागा राहिली असती, तर तो ओलाव्याच्या माथी मारून मोकळे होता आले असते.

योग्य तापमान शोधण्याचे काम औष्णिक तराजूने सुकर केले. पदार्थ भट्टीत तापत असतानाच त्याचे वस्तुमान सतत नोंदविणारे हे उपकरण कोतारो होंडा यांनी जपानमधील सेंदाई येथे १९१५ मध्ये वर्णिले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लेमाँ द्युव्हाल यांनी त्याच्या साहाय्याने शेकडो अवक्षेपांचे आलेख काढून १९५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आलेखातील सपाट पठार म्हणजे स्थिर वस्तुमानाची पट्टी. हे आलेख उपयुक्त असले, तरी ते जसेच्या तसे वापरण्यावर आक्षेप घेण्यात आले व ते रास्त होते. औष्णिक तराजूत तापमान सतत वाढत असते व पदार्थाला प्रत्येक तापमानास थोडाच अवधी मिळतो. त्यामुळे एखादा बदल भट्टीत दीर्घकाळ ठेवलेल्या अवक्षेपापेक्षा जास्त तापमानास घडल्यासारखा दिसतो. पठारावरील तापमान निवडल्यावरही त्या तापमानास अवक्षेप काही तास ठेवून पडताळा पाहणे आवश्यक असते.

उपकरणांवर आधारलेल्या जलद पद्धतींमुळे नेहमीच्या कामातून भारात्मक विश्लेषण बरेच मागे पडले आहे. तथापि सिमेंटमधील सल्फेट, पोलादातील निकेल यांसारख्या घटकांसाठी व इतर पद्धती ज्यांच्याशी ताडून पाहावयाच्या त्या संदर्भ द्रव्यांची प्रमाणे ठरविण्यासाठी ते वापरले जाते, कारण त्याला वस्तुमान व अणुभार यांखेरीज दुसऱ्या मानकाची गरज नसते. आधुनिक इलेक्ट्रॉनिक तराजूवर आकडा सतत दिसत असल्याने शुष्कनातील एक दोष मात्र पूर्वीपेक्षा लवकर ध्यानात येतो. मूस ठेवल्यावर आकडा हळूहळू वाढत राहिला, तर एक तर ती अजून गरम आहे किंवा अवक्षेप आर्द्रता घेत आहे. पहिल्या कारणाने होणारी वाढ मूस निवताच थांबते. दुसऱ्या कारणाची वाढ त्यानंतरही चालू राहते आणि अशा वेळी अवक्षेप झाकण असलेल्या वजनाच्या बाटलीत घेऊन पुन्हा तापवावा लागतो.